एका ओळीत तीन नावं

सीटखालच्या लोखंडी पट्टीला तीन भोकं पाडली, तेव्हा आपण काही फार मोठं काम केलं असं वेल्डरला वाटलं नाही. ड्रिल लावलं, तीनदा घर्र झालं, लोखंडाचा कीस पडला, संपलं. पण त्या तीन भोकांत तीन माणसांचं येणंजाणं मावलं होतं. पुढचं भोक फळवाल्या मावशीचं, कारण मावशी बुटकी, अंगानं भरलेली आणि जन्मतःच हातापायांनी आखूड. मधलं कात्रीचं. मागचं घड्याळकाकांचं, कारण काका उंच, आणि मांडीखाली बसवलेला खोटा पाय पसरायला त्यांना ऐसपैस जागा लागायची. सीट सरकवायची, आपल्या भोकावर आणायची आणि अंगठ्याएवढी जाड खीळ आत घालायची, की झाली गाडी आपली.

गाडी म्हणजे एक जुनी बिनगियरची स्कूटर. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना आणखी एकेक चाक जोडलेलं, दोन्ही ब्रेक मिळून एकाच दांड्यावर आणलेले, आणि कुबड्या उभ्या ठेवायला बाजूला एक नळी. रंग म्हणाल तर तीन डब्यांतला उरलासुरला एकत्र करून लावलेला. त्या रंगाला नाव नव्हतं, पण गाडीच्या अंगावर तो छान दिसत होता.

कात्री हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ती कापड बेतायची, कापायची, आणि बोलायला लागली की समोरच्याचंही कापायची, म्हणून गल्लीनं ते नाव ठेवलं आणि तिनं ते आनंदानं घेतलं. दोन वर्षांची असताना ताप आला आणि जाताना कमरेखालचं बळ घेऊन गेला. म्हणजे पाय होते, चालणं नव्हतं. डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत सळ्यांचा आधार, गुडघ्याशी कडी. कडी लावली की पाय काठीसारखा ताठ, कडी काढली की रिकाम्या बाहीसारखा लुळा. देणाऱ्यानं पायांतलं काढून हातांत घातलं असावं, कारण हात असे की कापडाचे चाळीस थर एकावर एक ठेवून ती एका दमात कापायची आणि खालचा थर वरच्यापेक्षा सूतभरही कमीजास्त व्हायचा नाही.

हेच तिनं गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात करून दाखवलं होतं. कारखान्याच्या मालकीणबाई चष्मा वर सारून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दोन महिन्यांनी, एक तारखेपासून या. पण सकाळी नऊ म्हणजे नऊ. कुणी आणून सोडलं तर येणार, असं मला चालत नाही. आधीची होती तिचा नवरा मोकळा असला की ती यायची. मी वाट बघायची तिची की तिच्या नवऱ्याची?"

कारखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. रोज रिक्षा करायची तर निम्मा पगार रिक्षावाल्यालाच द्यायचा. बसची पायरी तिच्या कमरेएवढी. आणि आणून सोडणारा एकच होता, तो म्हणजे तिचा मोठा भाऊ.

म्हणून ती वेल्डरकडे गेली होती. त्यानं हिशेब करून मान हलवली. "ताई, नाही परवडायची. मागच्या महिन्यात ते घड्याळवाले काका येऊन गेले, त्यांनाही हेच सांगितलं. त्याआधी ती फळवाली मावशी."

"त्यांनाही हीच गाडी हवी होती?"

"हीच."

"मग त्यांना बोलवा की."

"एका गाडीत तिघं कशी बसणार?"

"एका वेळी एकच बसेल," कात्री म्हणाली. "एका ताग्यातून तीन मापांचे सदरे निघतात ना, तसं."

अशी ती गाडी झाली. वेळाही वाटून घेतल्या. मावशी पहाटे घाऊक बाजारात जाणार आणि आठला वेल्डरच्या शेडवर परत. साडेआठ ते सहा कात्रीची. मग काका ती घेऊन घरोघरची भिंतीवरची घड्याळं बघायला जाणार. महिनाभर तिघांनी याच क्रमानं शेडमागच्या मोकळ्या जागेत सराव केला. आणि एक नियम, कुणी न सांगता, आपोआप पडला. जो उतरेल त्यानं पुढच्याच्या मापावर सीट आणायची, खीळ घालायची आणि मगच किल्ली हातात द्यायची. घेणाऱ्यानं तपासायचं नाही. तपासणं म्हणजे अविश्वास. गाडीवर चढायला ज्याला पाच मिनिटं लागतात त्याला पुन्हा उतरायला लावू नये, एवढी माया त्या नियमात होती.

घरात मात्र गाडीचं नाव काढलं की भावाचं तोंड उतरायचं.

"माझ्यामागं बसायला काय कमी पडलं तुला?" त्यानं जेवताना विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"काही कमी पडलं नाही, दादा."

"दवाखाना, बँक, मैत्रिणीचं लग्न, कुठं नेलं नाही मी?"

"सगळीकडं नेलंस. आणि सगळीकडून तुला वेळ झाला तेव्हा परत आणलंस. त्या लग्नात मी हात धुवायच्या आत निघालो आपण."

"मला कामावर जायचं होतं."

"तेच म्हणते मी. मलाही जायचंय."

वहिनी वाढता वाढता म्हणाली, "जाऊ दे की तिला. लग्नाला अकरा वर्षं झाली, मलाही कधीतरी मागची सीट मिळू दे." भाऊ हसला नाही. पण महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी कामावर दांडी मारून तोच तिला वाहन कार्यालयात घेऊन आला. वेल्डरनं गाडी टेम्पोतून आणली. मावशी आणि काका रिक्षानं आले. उद्या एक तारीख होती. आज कागद झाला नाही तर नोकरी दुसऱ्या कुणाची.

कारकुनाची खिडकी उंच होती. कात्रीनं कुबडीवर भार देऊन अर्ज वर सरकवला. कारकुनानं वाचला, पुन्हा वाचला, मग खिडकीतून वाकून खाली बघितलं.

"हे काय? मालकाच्या नावाच्या ओळीत तीन नावं? लग्नपत्रिका आहे का ही?"

"गाडी तिघांची आहे."

"कोणाच्या गरजेनुसार बदल केला, या ओळीतही तीन?"

"तिघांच्या गरजेनुसार केला. खाली बघा, तीन भोकं आहेत."

"बाई, इथं ओळ एक आहे. एक नाव लिहा." मग त्यानं आवाज खाली आणला, कारण तसा तो माणूस वाईट नव्हता. "एकाच्या नावावर करून टाका. लायसनही एकाचं काढा. बाकीच्यांनी चालवा गुपचूप. कोण बघतंय?"

घड्याळकाकांनी लगेच मान डोलावली. "तुझ्याच नावावर करू, पोरी. तुझी उद्या नोकरी आहे. माझं काय, मी आजवर जगलोच की."

"हो बाई," मावशी म्हणाली. "देव बघतोय ना वरून, त्याला ठाऊक आहे कुणाची ती. कागदाचं काय एवढं?"

"देवाला ठाऊक आहे, मावशी. चौकातल्या हवालदाराला नाही," कात्री म्हणाली. "पहाटे तुम्हाला त्यानं अडवलं, गाडी कुणाची विचारलं, तर काय सांगाल? दुसऱ्या बाईची आहे, मी गुपचूप चालवते? आणि उद्या मी मेले तर गाडी वारसाहक्कानं माझ्या भावाकडं जाईल. तुम्ही दोघं त्याच्या दारात जाऊन मागणार का?"

"मी देईन ना," भाऊ मागून म्हणाला.

"तू देशील. म्हणजे पुन्हा कुणीतरी देणार आणि यांनी घ्यायचं." तिनं अर्ज पुन्हा आत ढकलला. "तीन नावं आहेत. शिक्का मारा."

मागची रांग चुळबुळू लागली. कुणी म्हणालं, अहो आटपा. कुणी म्हणालं, यांना आधी सोडा बिचाऱ्यांना. 'बिचाऱ्यांना' म्हणणाऱ्याकडे कात्रीनं मान वळवून असं बघितलं की तो घड्याळ बघू लागला. आवाज ऐकून आतल्या खोलीतून मोठे साहेब बाहेर आले. हातात पेनचं टोपण, खिशाला पेन. त्यांनी अर्ज वाचला, बाहेर जाऊन गाडीभोवती एक फेरी मारली, सीट पुढंमागं सरकवून बघितली, खीळ काढून हातावर तोलली.

"काम चांगलं आहे," ते वेल्डरला म्हणाले. मग कात्रीला, "पण अशी बदललेली गाडी एका शरीरासाठी असते, बाई."

"असं नियमात लिहिलंय, साहेब?"

"अर्जात एकच ओळ आहे."

"अर्जाचं नाही विचारलं मी. नियम दाखवा."

साहेबांनी कारकुनाला पुस्तक आणायला सांगितलं. पुस्तक आलं, पानं उलटली, चष्मा लागला, चष्मा निघाला. तिघंही शांत उभी होती, म्हणजे काका एका पायावर, मावशी भिंतीला टेकून आणि कात्री दोन कुबड्यांवर. साहेबांना बसा म्हणायचं सुचलं नाही, आणि या तिघांना बसायचं नव्हतं.

साहेबांनी पुस्तक मिटलं. माणूस अडला की अट घालतो.

"ठीक आहे. तिघांचं म्हणता ना? मग तिघांनीही आत्ता, या मैदानात, आठचा आकडा काढून दाखवायचा. मधे सीट बदलायची ती तुमची तुम्ही. बाहेरच्या कुणाचा हात गाडीला लागला, तुम्हाला लागला, की अर्ज बाद. आणि एक नापास तर तिघं नापास."

"आणि तिघं पास झालो तर?"

"तर तिघांची नावं."

"सगळ्यांसमोर बोललात," कात्री म्हणाली. "तेवढं पुरे मला."

मैदान म्हणजे कार्यालयामागची उघडी जागा. मधे जुन्या टायरांच्या दोन चळती, त्यांच्याभोवती चुन्यानं आखलेला आठ. टेस्ट द्यायला आलेली माणसं कडेला उभी होती. साहेबांनी अर्जातल्या क्रमानं नावं पुकारली. काका वयानं मोठे, म्हणून अर्जात ते पहिले होते. मग कात्री. मग मावशी.

काकांनी आठ काढला तो असा, की जणू एखाद्या नाजूक घड्याळाचा काटाच फिरतोय. कुठं घाई नाही, कुठं अडणं नाही. परत आल्यावरही त्यांना हँडल सोडवेना. पाय गेल्याला एकोणीस वर्षं झाली होती, आणि एकोणीस वर्षांत ते पहिल्यांदाच चारचौघांसमोर काहीतरी चालवत होते. डोळे भरले होते, समोरचं धूसर दिसत होतं. ते उतरले, वाकले, सवयीनं सीट सरकवली, खीळ घातली, किल्ली कात्रीच्या हातात दिली आणि कुबडी टेकत कडेला जाऊन उभे राहिले.

आता बघा, महिनाभर काकांच्या नंतर नेहमी मावशी यायची. संध्याकाळी काका, पहाटे मावशी. त्यांच्या हातांना तेवढंच ठाऊक होतं. हातांनी खीळ घातली ती मावशीच्या भोकात.

कात्रीनं तपासलं नाही. तपासायचं नसतंच. ती गाडीला पाठ करून उभी राहिली, दोन्ही हात सीटवर रोवून अंग वर उचललं, फिरली, कुबड्या नळीत टाकल्या, पाय हातानं उचलून आत घेतला. आणि ताठ गुडघा हँडलच्या खांबाला टकरला.

तिनं हँडल उजवीकडं फिरवून बघितलं, फिरलं. डावीकडं फिरवलं, तर अर्ध्यावर गुडघ्याला अडकलं. आठच्या आकड्यात निम्मी वळणं डावी असतात.

"सुरू करा," साहेब म्हणाले.

तिनं काकांकडं बघितलं. तेवढ्यात काकांना कळलं. त्यांचा चेहरा असा झाला की तो बघून तिलाच वाईट वाटलं. ते कुबडी पुढं टाकून निघाले. "माझं चुकलं गं. माझं डोकं…"

"काका, तिथंच थांबा. काही झालेलं नाही."

"काय अडचण आहे?" साहेबांनी विचारलं.

"सीट मावशींच्या मापावर आहे. माझ्या मापावर आणायची आहे. बसल्याबसल्या खीळ निघत नाही, उतरावं लागेल."

"आता बसलात ना? थोडंसं इकडंतिकडं, काढा तसाच. बाकीच्यांचा खोळंबा होतोय."

"तुम्हाला शेजाऱ्याची चप्पल घालून पळून दाखवा म्हटलं तर पळाल?"

कडेला कुणीतरी फिसकन हसलं. भाऊ गर्दीतून पुढं आला होता. हात पसरलेलेच होते त्याचे, चौतीस वर्षांची सवय. एका उचलीत त्यानं तिला खाली घेतलं असतं, खीळ बदलली असती, पुन्हा बसवलं असतं. अर्धं मिनिटही लागलं नसतं. तो दोन पावलांवर आला.

"दादा, हात खिशात घाल."

"अगं, इथं टेकायला भिंत नाही. खाली बसशील तर उठशील कशी?"

"हात खिशात."

त्यानं हात खिशात घातले.

उघड्या जागी उतरणं म्हणजे काय, हे कात्रीनं आजवर कुणाला बघू दिलं नव्हतं. घरात दार लावून ती हे करायची. तिनं गुडघ्याची कडी काढली, पाय लुळा झाला. हँडल धरून अंग आधी फूटबोर्डवर सोडलं, तिथून मातीवर. पडली नाही, पण पडल्यासारखी दिसली असेल. कडेची कुजबुज थांबली. एका पोरसवद्या माणसानं मोबाईल वर धरला.

कात्री मातीत बसूनच त्याला म्हणाली, "नीट काढ, हात हलवू नकोस. आणि मधे बंद करू नकोस. मी वर चढेपर्यंतचं सगळं यायला हवं."

त्यानं मोबाईल खाली घेतला. "नाही, घे ना वर," ती म्हणाली. "खरंच सांगते. पुढं कुणालातरी उपयोगी पडेल." मग त्यानं तो पुन्हा वर घेतला, आणि यावेळी दोन्ही हातांनी.

ती हातांवर सरकत सीटखाली पोचली. खीळ घट्ट बसली होती, काकांनी काम कसं चोख केलेलं. तळव्यानं खालून दोन ठोसे दिले, खीळ निघाली. सीट मागं सरकवली, मधल्या भोकातून पलीकडचा उजेड दिसला, खीळ आत घातली. आता वर चढायचं होतं. जमिनीवरून फूटबोर्ड वीतभर उंच, फूटबोर्डवरून सीट पुरती कमरेएवढी. पहिल्यांदा अंग उचललं तेव्हा खिळीच्या तेलानं माखलेला हात घसरला आणि ती बदकन खाली बसली. मावशीनं डोळे मिटले, ओठ हलू लागले. भावाच्या खिशातल्या मुठी बाहेरून दिसत होत्या.

कात्रीनं हात ओढणीला पुसले. कुठं धरायचं ते बघून ठेवलं, कापडावर कात्री चालवण्याआधी बघून ठेवावं तसं. मग एक श्वास, आणि अंग फूटबोर्डवर. दुसरा श्वास, एक हात सीटवर, एक नळीवर, आणि खांदे असे उभे राहिले की वेल्डर पुटपुटला, "हिला वेल्डिंगला घ्यायला पाहिजे होतं." ती सीटवर आली. फिरली. पाय उचलून आत घेतला, कडी खट्कन लावली. गुडघा आणि खांब यांच्यामध्ये चार बोटं जागा.

साहेब म्हणाले, "बसल्यावर उतरलं की टेस्ट संपते, बाई. तसा दंडक आहे इथला."

"तुमच्या अटीत होतं, बाहेरचा हात लागायचा नाही. लागला?"

"नाही."

"उतरायचं नाही असं म्हणाला होतात?"

साहेब एक पाऊल मागं सरले. मग हातानं खूण केली, काढा.

तिनं आठ काढला. उजवं वळण, मधला छेद, डावं वळण. डाव्या वळणाला बाजूचं चाक चुन्याच्या रेषेला इतकं लागून गेलं की साहेब दोन पावलं पुढं जाऊन खाली वाकले. रेषा शाबूत होती. चुन्याचा कणही हलला नव्हता. जिनं उभा जन्म खडूच्या रेषेवरून कापड कापलं, ती रेषा मोडेल कशी? ती थांबली, आणि इतका वेळ उभी असलेली माणसं एकदम बोलू लागली, जसं काही त्यांच्याच छातीवरचं कुणीतरी उठलं.

मग मावशी. कात्रीनं उतरून, सीट पुढच्या भोकावर आणून किल्ली दिल्यावर मावशीनं गाडीवर बसून पदर खोचला, आभाळाकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "देवा, आज तू मागं बस. मी चालवते." आणि तिनं आठ काढला, वर कुणी न सांगता दुसऱ्यांदाही काढला. साहेबांना हात दाखवून तिला थांबवावं लागलं.

आत आल्यावर कारकुनानं तिघांची लायसनं पुढं ओढली, त्यांवर शिक्के मारले, आणि गाडीचा अर्ज घेऊन पुन्हा तिथंच अडला. "साहेब, ओळ एकच आहे. यांची तीन नावं ओळीत मावत नाहीत. मी काय करू?"

"त्यांनी लिहिलीत ना?"

"बारीक लिहिलीत. कुणाला वाचता येणार नाहीत."

साहेबांनी कात्रीकडं बघितलं. "एक सुचवू? आज तुमच्या नावावर करून देतो. उद्या तुमची नोकरी आहे असं तुमचा भाऊ सांगत होता. बाकीच्या दोघांसाठी मी वर पत्र पाठवतो. उत्तर यायला वेळ लागेल, पण येईल."

हे सोपं होतं. खरं सांगायचं तर हे इतकं सोपं होतं की तिच्या हातातला पेन क्षणभर थांबला. सकाळचे नऊ, कारखान्याचं लांब टेबल, चाळीस थर कापड, हे सगळं त्या एका सहीपलीकडं होतं. काकांनी हळूच तिच्या पाठीला हात लावला, कर म्हणून.

तिनं पेन खाली ठेवला.

"साहेब, तुमची अट आम्ही पाळली. मातीत बसून पाळली. आता पाळी तुमची आहे. पत्राचं उत्तर येईपर्यंत गाडी तुमच्या आवारात राहू द्या. गाडी राहिली तर आम्हीही राहतो. मावशींकडं केळी आहेत, काकांकडं हत्यारं आहेत, तुमचं हे भिंतीवरचं घड्याळ सव्वाअकरालाच थांबलंय, ते होईल तेवढ्यात दुरुस्त. मला कुणी कापड दिलं तर मीही रिकामी बसणार नाही."

"आणि नोकरी?"

"जाईल," कात्री म्हणाली. "गेली तर दुसरी बघेन. पण माझ्या नावावरच्या गाडीवर हे दोघं चोरासारखे फिरतायत, हे मला रोज नऊ वाजता आठवेल."

साहेबांनी अर्ज ओढून घेतला. खिशातला पेन काढला. बारीक नावं खोडून ओळीत पहिलं नाव लिहिलं, दुसरं लिहिलं, तिसरं लिहिताना ओळ संपली, तसं ते ओळ सोडून समासात गेले आणि तिथं ते मोठ्या अक्षरात पूर्ण केलं.

"साहेब, समास कार्यालयीन उपयोगासाठी असतो," कारकून म्हणाला.

"मग मी कार्यालय नाही तर कोण आहे?" साहेबांनी सही केली. "मार शिक्का."

बाहेर पडताना मावशीनं कार्यालयातल्या प्रत्येकाला, कारकुनालाही, एकेक केळं दिलं आणि कुणाकडूनही काही घेतलं नाही. काका भिंतीला टेकून रडत होते आणि मी रडत नाहीये असं वेल्डरला सांगत होते. दुपारचे तीन वाजले होते, म्हणजे गाडीची वेळ कात्रीची होती.

भाऊ म्हणाला, "मी येतो मागून. पहिलाच दिवस आहे रस्त्यावरचा."

"नको."

"नुसता मागून. काही बोलणार नाही."

"दादा, वहिनीला फोन कर. तिला म्हणावं तयार हो, मागची सीट मोकळी झाली."

तो आत्ता हसला. नाइलाजानं, पण हसला.

कात्री घरी गेली नाही. गाव ओलांडून सरळ कारखान्यावर गेली. वाटेत सिग्नलला मागच्यानं भोंगा वाजवला तर तिनं मान वळवून त्याला दोन शब्द सुनावले, आणि ते सुनावताना तिला इतका आनंद झाला की सिग्नल सुटल्याचं कळलंच नाही. कारखान्याच्या दाराशी तिनं गाडी थांबवली आणि शिट्टीसारखा बारीक भोंगा दाबला. मालकीणबाई बाहेर आल्या.

"उद्यापासून ना तुम्ही?"

"कामाला उद्यापासून. आज गाडी कुठं लावायची ते बघायला आले."

मालकीणबाईंनी गाडी बघितली, कुबड्या बघितल्या, तिच्या कपड्यांवरची वाळलेली माती बघितली. "मागच्या आवारात लावा की. सगळ्यांच्या तिथंच असतात."

"मागून आत यायला पायऱ्या किती?"

मालकीणबाईंना सांगता आलं नाही. रोज पुढच्या दारानं येणारा माणूस मागच्या पायऱ्या कशाला मोजेल? त्यांनी आत हाक मारून विचारलं. आतून उत्तर आलं, सात.

"आणि इथून?"

"इथून एकच."

"मग गाडी इथं, दाराशी."

"इथं माझी गाडी असते," मालकीणबाई म्हणाल्या. खरंच होती, सावलीत, पांढरी स्वच्छ.

"तुम्हाला सात पायऱ्या चढता येतील ना?"

मालकीणबाईंनी चष्मा वर सारला. आतल्या शिलाईयंत्रांचे आवाज एकेक करून बंद झाले, कारण दारात काय चाललंय ते सगळ्यांनाच ऐकायचं होतं. मालकीणबाई वळून आत गेल्या आणि किल्ली घेऊन आल्या. त्यांनी पांढरी गाडी काढून मागच्या आवाराकडं नेली, आणि जागा पूर्ण रिकामी होईपर्यंत कात्री तिथून हलली नाही, इंजिनही तिनं बंद केलं नव्हतं.